संगणकाचे दोन पहारेकरी

सूर्य मावळला की गडाचा दरवाजा बंद होत असे. मग येणारा ओळखीचा असो वा परका, त्याला सकाळपर्यंत बाहेरच थांबावे लागे. घरातील संगणक इंटरनेटला जोडला की त्याचाही एक गडच होतो. गडाला दरवाजे दोन-चार. संगणकाला मात्र क्रमांक घातलेली ६५,५३६ दारे असतात! ही दारे लाकडाची नव्हेत. येणारा संदेश कोणत्या कामासाठी आहे, हे सांगणारे ते केवळ आकडे होत. त्यांस 'पोर्ट' म्हणतात.

या दारांवरचा पहारा म्हणजे फायरवॉल. एका घराची आग दुसऱ्या घरास लागू नये म्हणून मध्ये जी पक्की भिंत बांधतात, तिचेच हे नाव. घरातून एखादी मागणी बाहेर गेली असेल, तर तिचे उत्तर फायरवॉल आत येऊ देते. न बोलावता आलेल्यास ती दारातूनच परत लावते.

हा पहारा नसला तर काय होते, ते २००३ साली अनेकांनी अनुभवले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. विंडोजच्या ज्या भागाकडे १३५ क्रमांकाच्या दारातून संदेश येत, त्या भागात एक दोष होता. त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिला होता. परंतु असंख्य लोकांनी तो संगणकावर बसवून घेतला नव्हता. ब्लास्टरला कोणी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती; संगणक इंटरनेटला जोडलेला असला की पुरे. पडद्यावर सूचना उमटे, साठ सेकंद उलटे मोजले जात, आणि हातातले काम तसेच टाकून संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. खेदाची गोष्ट ही, की त्या वेळच्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती. पण ती सुरू करून दिलेली नव्हती. पहारेकरी घरात, परंतु निजलेला! २००४ साली आलेल्या सुधारणेने तो जागा झाला.

मग एवढा एक पहारेकरी पुरेसा नाही काय? ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून एक ई-मेल निघाले. विषय होता, 'आय लव्ह यू'. सोबतची फाइल साधे पत्र वाटे. वस्तुतः तो प्रोग्राम होता. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट लपवीत असल्यामुळे ते सोंग सहज खपले. शिवाय पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले; मग ते कोण उघडणार नाही? उघडताच तो प्रोग्राम संगणकातील छायाचित्रांच्या फाइली पुसून तेथे स्वतःची नक्कल ठेवी आणि पत्त्यांच्या यादीतील प्रत्येकास तेच पत्र धाडी. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद करावी लागली. यात फायरवॉलचा काय दोष? पत्र घरच्यांनीच आत घेतले होते. गडावर याला फितुरी म्हणत. येथे ती नकळत घडली, इतकेच.

आत आलेल्याची झडती घेणे हे दुसऱ्या पहारेकऱ्याचे, म्हणजे अँटिव्हायरसचे काम. पोलिसांपाशी जसे चोरांच्या बोटांचे ठसे, तशा याच्यापाशी ठाऊक असलेल्या विषाणूंच्या खुणा असतात. प्रत्येक फाइल तो या खुणांशी ताडून पाहतो आणि संशयित फाइल कोंडून ठेवतो. नव्या चोराचा ठसा मात्र दप्तरात नसतो; म्हणून ही यादी रोजच्या रोज अद्ययावत व्हावी लागते. खूण ठाऊक नसली, तरी एखादा प्रोग्राम भराभर फाइली बदलू लागल्यास चांगला अँटिव्हायरस त्यास हटकतो. क्वचित तो निरपराध फाइलही पकडतो, हेही खरे.

आजच्या विंडोजमध्ये दोन्ही पहारेकरी मुळातच असतात व जागे असतात. त्यांना निजवतो तो बहुधा घरचाच माणूस. फुकटच्या खेळासोबत सूचना येते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. आणि खेळाच्या उत्साहात ती पाळली जाते.

'आय लव्ह यू'ची खूण २००० सालच्या त्या मे महिन्यात अँटिव्हायरसच्या यादीत लवकरच आली. विषाणू काढून टाकता आला. परंतु पुसली गेलेली छायाचित्रे, ज्यांच्यापाशी दुसरी प्रत नव्हती त्यांना, परत मिळाली नाहीत.