जुनी कार विकताना दोष सांगावेत का?

प्रश्न : जुनी कार एजंटाशिवाय परस्पर विकायची असल्यास माहीत असलेले दोष सांगणे बंधनकारक आहे का?

उत्तर : खासगी व्यवहारात वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी प्रामुख्याने खरेदीदाराची असते, १९३०च्या वस्तुविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व हेच आहे. मात्र १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ विक्रेत्यालाही मर्यादा घालते. नुसते गप्प राहणे सहसा फसवणूक ठरत नाही. पण माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणे किंवा विचारल्यावर खोटे सांगणे ही फसवणूक ठरते. असा करार कलम १९नुसार खरेदीदाराला रद्द करता येतो.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हे याचे ठळक उदाहरण. आतले मॅटिंग बदलले, सीट धुऊन घेतल्या, तरी सीटखालच्या रुळांवर गंज आणि वायरिंगच्या जोडांत गाळ राहू शकतो. बिघाड पुढे काही महिन्यांनी डोके वर काढतो. एअरबॅग आणि एबीएस याच वायरिंगवर चालत असल्याने प्रश्न पैशांपुरता राहत नाही, तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि अपघातात वाकलेली चासी यांविषयी न विचारताही सांगणे हे विक्रेत्याचे नैतिक कर्तव्य आहे.

माहीत असलेले दोष, झालेली दुरुस्ती आणि मीटरवरचे किलोमीटर विक्रीपत्रात लिहावेत, दोघांनी त्यावर सह्या कराव्यात आणि किंमत त्यानुसार ठरवावी. फॉर्म २९ व ३० आरटीओत देऊन नाव हस्तांतरित झाल्याची खात्रीही करावी. आरसीवर नाव असेपर्यंत अपघाताच्या भरपाईचा दावा जुन्या मालकावर येऊ शकतो.