वायरलेस माऊसचा सेल : हिशेब नगावर नको, महिन्यावर मांडा

महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठेत आता अनेक दुकानांत व कारखान्यांत बिले संगणकावर तयार होतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर ही गरज अधिकच वाढली. काउंटरवर जागा कमी, म्हणून वायरलेस माऊस घेतला जातो. कुणाचा भाऊ आखातातून येताना तो घेऊन येतो. मात्र त्यातील सेलकडे आपण लक्ष देत नाही. पावसाळ्यात वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो, टेम्पो माल भरून दारात उभा असतो आणि नेमका त्याच वेळी माऊस बंद पडतो. म्हणून या लहानशा वस्तूचा अभ्यास आज आपण करू.

सेल कशाने संपतो?

माऊसच्या पोटात एक छोटा दिवा असतो. खालचा पृष्ठभाग त्याच्या उजेडात वाचला जातो आणि हालचालीची खबर रेडिओलहरींनी संगणकाला पोहोचते. या दोन्ही कामांना वीज लागते. माऊस स्थिर राहिला की तो झोपी जातो व फारच थोडी वीज घेतो.

समजा, सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास आहे आणि चालताना माऊस ५ मिलिअँपिअर वीज घेतो. म्हणजे ४०० तासांची चाल. रोज दोन तास माऊस प्रत्यक्ष हलत असेल तर सुमारे २०० दिवस निघतील. पाकिटावर लिहिलेले 'एक वर्ष' हे कमी वापराच्या हिशेबाने असते, हे विक्रेत्याने ग्राहकास आधीच सांगावे. पुढची तक्रार टळते.

कोणता सेल घ्यावा?

साध्या सेलमध्ये जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो. सेल वापरला जातो तसे जस्त झिजते आणि शेवटी आतील द्रव बाहेर येण्याचा धोका असतो. अल्कलाइन सेल महाग, पण माऊससारख्या हलक्या कामात दुपटीहून अधिक टिकतो. समजा, साधा सेल १८ रुपयांचा असून तीन महिने चालला, तर महिन्याला ६ रुपये पडले. अल्कलाइन ४० रुपयांचा असून आठ महिने चालला, तर ५ रुपये. स्वस्त दिसणारी वस्तू महाग पडली ती अशी.

दिवसभर माऊस चालवणाऱ्या डीटीपी व फ्लेक्सच्या कारागिरांना चार्जिंगचे निकेल सेल परवडतात. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, तरी बहुतेक माऊस त्यावर चालतात. साधा किंवा अल्कलाइन सेल मात्र चार्जरमध्ये कधीही घालू नये.

काळजी कोणती घ्यावी?

१) दुकान बंद करताना माऊसच्या खालचे बटण बंद करावे. आंबेनळी घाटातून मोटारसायकलवर पिशवीत नेलेला माऊस प्रत्येक धक्क्याला जागा होतो.

२) काच किंवा गडद, चकचकीत पृष्ठभागाऐवजी फिक्या रंगाचे पॅड वापरावे.

३) माऊस अडखळला की लगेच सेल फेकू नये. रिसीव्हर यूएसबी-३ च्या पेनड्राइव्ह वा हार्डडिस्कला खेटून असेल तर लहरींना अडथळा होतो. तो दुसऱ्या बाजूला लावून पाहावे.

४) दोन सेलचा माऊस असेल तर जुना व नवा सेल एकत्र घालू नये.

५) महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावा. अल्कलाइन सेल पाझरून पांढरी भुकटी आली असेल तर हातमोजे घालून, व्हिनेगरचे दोन थेंब लावलेल्या कापडाने पत्री पुसावी व पूर्ण वाळू द्यावी.

विक्रेत्यांसाठी

आपल्या भागातील पावसाळी दमटपणात सेल जमिनीलगत ठेवू नयेत. जुना माल आधी विकावा आणि पाकिटावरील तारीख पाहावी. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा पाण्यात भिजलेले सेल वाळवून विकणे, मग ते सवलतीत का असेना, योग्य नाही. चार रुपयांच्या फायद्यासाठी ग्राहकाचा दोनशे रुपयांचा माऊस खराब होतो आणि त्याचा विश्वास कायमचा जातो.

शेवटी, गल्ल्याच्या खणात अल्कलाइन सेलची एक जोडी आणि एक वायरवाला माऊस ठेवावा. मुलांना टॅब, एंटर व बाणांच्या कळांनी बिल काढण्याचा सराव द्यावा. इतकी तयारी असली तर भर पावसातही टेम्पो दारात खोळंबणार नाही.