जुन्या हार्ड डिस्कवर खातेवही सोपवू नका



२०१९ साली, ऐन ईदच्या हंगामात, आमच्या दुकानातील दहा वर्षे जुन्या संगणकातून टकटक आवाज येऊ लागला. आम्ही दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही. तीन वर्षांची उधारी आत अडकली आणि नक्कल कुठेच नव्हती. एका यंत्रमागवाल्या ग्राहकाने स्वतःची वही आणून आमची बाकी आम्हालाच दाखवली. सगळेच असे नसतात. काही रक्कम बुडाली ती बुडालीच.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हे समजून घेऊ. आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. वाचणारी सुई तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारो पटीने कमी अंतरावर तरंगते. धक्का बसला किंवा धूळ शिरली की सुई तबकडीला घासते आणि तेथील मजकूर कायमचा जातो. यंत्रमागाप्रमाणे येथेही फिरणारा भाग झिजतो.

नामांकित कंपनीचा माल म्हणून निर्धास्त राहू नये. आयबीएमने २००० साली आणलेल्या '७५ जीएक्सपी' डिस्क इतक्या बिघडल्या की अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या अनेक डिस्कनी आधी कोणताही इशारा दिला नव्हता.

इशारा मिळालाच, म्हणजे टकटक आवाज आला, फाइल उघडायला उशीर लागला किंवा संगणक वारंवार अडकला, तर प्रथम खात्यांची नक्कल काढावी. डिस्क अजिबात चालत नसेल तर पुन्हा पुन्हा सुरू करू नये, ठोकू नये, उघडूही नये. जाणकाराकडे द्यावी.

खरा उपाय आधीच करायचा आहे. हिशेबाच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुकानाबाहेर. आठवड्यातून एकदा नक्कल काढा आणि ती उघडून पाहा. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली डिस्कही सुरू होईलच असे नाही.

जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. नवी डिस्क काही हजारांत मिळते. गेलेली उधारी मात्र बाजारात विकत मिळत नाही.