विळ्यावर चढलेले तांबे

प्रश्न : अभिक्रियेत ऑक्सिजनच नसेल, तर ऑक्सिडीकरण कोणाचे झाले हे कसे ओळखायचे?

उत्तर : ऑक्सिजन शोधत बसू नये, इलेक्ट्रॉन कोणी गमावले ते पाहावे. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारण्याआधी बागायतदार त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. चुना कमी पडला असेल, तर पात्यावर तांबूस थर चढतो. लोखंडाने इलेक्ट्रॉन गमावले, त्याचा ऑक्सिडीकरणांक शून्यावरून +२ झाला, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण. मोरचुदातल्या तांब्याचा +२ वरून शून्य, म्हणजे क्षपण. सल्फेट आपले नुसते बघे.

खरी गंमत पुढेच आहे.

त्याच मिश्रणाच्या पिंपात चुना आणि मोरचूद एकत्र येऊन निळा साका धरतो, तेव्हा तांबे +२ वरच राहते. म्हणजे ना ऑक्सिडीकरण, ना क्षपण. परीक्षेत विद्यार्थी हमखास फसावेत, अशीच ही जागा!