बंद पडलेली आज्ञावली आणि खेळाचा पाठ

पाठचिकित्सेचा प्रश्न आपण आजवर बहुधा पोथीच्या संदर्भात मांडीत आलो आहोत. पोथी जीर्ण होते, पाने गहाळ होतात, लेखनिकाच्या हातून शब्द पालटतो. परंतु जे पान उरले ते वाचता येते, हे आपले गृहीतक असते. ब्राउझरमध्ये खेळावयाच्या जुन्या खेळांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. तेथे संहिता अखंड असूनही ती चालविणारे साधन गेले की कृती मूक होते. अशा कृतीचा पाठ कोणता मानावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या खेळांपैकी फार मोठा भाग फ्लॅश या आज्ञावलीवर रचलेला होता. १९९६ साली ‘फ्यूचरस्प्लॅश’ या नावाने निघालेली ही आज्ञावली लवकरच मॅक्रोमीडिया कंपनीकडे व २००५ साली अडोबीकडे गेली. जुलै २०१७ मध्ये तिची समाप्ती जाहीर झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी तिचा सांभाळ थांबला. आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने खेळ चालविण्यास नकार दिला. हा नकार २०२० च्या मध्यानंतरच्या आवृत्त्यांत आधीच लिहून ठेवलेला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मुंबईच्या गेम्सटूविन कंपनीचा ‘बॉम्बे टॅक्सी’ हा खेळ या वर्गातला होय. मुंबईची टॅक्सी रस्त्यावरून नेऊन नेमल्या जागी उभी करणे, एवढा त्याचा विषय. पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या भिलाईत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे आहेत. मुंबईचा रस्ता त्यांच्यापासून हजारभर किलोमीटर दूर. तरी असा खेळ भिलाईत पोहोचण्यास ना दुकान लागे, ना चकती; ब्राउझर आणि प्लेअर पुरे होत. मात्र हीच सोय पुढे संकट ठरली. पोथीच्या प्रती गावोगाव विखुरलेल्या असल्या, तर एका मठातील प्रत जळाली तरी दुसऱ्या मठातील वाचते. येथे मुंबईची प्रत आणि भिलाईची प्रत एकाच दिवशी बंद झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तिची छायाचित्रे पाहण्यास कोणाची अनुमती लागत नाही. खेळाचे तसे नाही.

बंद झालेला खेळ पुन्हा चालविण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, जुना प्लेअरच वापरणे. ब्राउझरबाहेर चालणारा स्वतंत्र प्लेअर अद्याप खेळ उघडतो. परंतु त्यातील सुरक्षिततेच्या उणिवा आता कोणी दुरुस्त करीत नाही, म्हणून तो जाळ्यापासून तोडलेल्या संगणकावर चालविणे श्रेयस्कर. दुसरा मार्ग ‘रफल’चा. हा जुन्या प्लेअरचा अंश नसून त्याच्या वर्तनाचे अनुकरण करणारी नवी रचना आहे. महानुभावांची सकळ लिपी विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी उलगडली आणि पंथाबाहेर मुके असलेले ग्रंथ बोलू लागले, तसाच हा प्रकार. तिसरा मार्ग २०१८ साली सुरू झालेल्या ‘फ्लॅशपॉइंट’ संग्रहाचा. त्यात दोन लाखांहून अधिक खेळ व चलच्चित्रे आहेत. कित्येक खेळ आपण मूळ संकेतस्थळावरच आहोत की नाही हे तपासतात व अन्यत्र चालत नाहीत; म्हणून हा संग्रह वाचकाच्या संगणकातच त्या स्थळाचा आभास उभा करतो. कृतीबरोबर तिचा परिसरही जतन करावा लागतो, हे यावरून दिसते. मात्र गुणांची यादी किंवा दूरचा प्रतिस्पर्धी, जे दूरच्या सर्व्हरवर होते, ते यांपैकी कोणत्याही मार्गाने आपोआप परत येत नाही.

देवनागरीच्या अभ्यासकास आणखी एक अडचण आहे. जोडाक्षरे व मात्रा यथास्थित मांडण्याची सोय फ्लॅशमध्ये २००८ च्या दहाव्या आवृत्तीपासून आली. तत्पूर्वी देवनागरी मजकूर द्यावयाचा तर अक्षरांची चित्रे करावी लागत, किंवा रोमन संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट वापरावे लागत. परिणामी असा मजकूर पडद्यावर शुद्ध दिसला तरी शोधू जाता सापडत नाही. आणि अनुकरण करणाऱ्या साधनात ओळ कोठे तुटावी, अक्षर कोठे बसावे, यांत फरक पडू शकतो. हा फरक पाठभेदच होय.

भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती प्रत्येक पाठ कोणत्या पोथीतील हे सांगूनच. तीच शिस्त येथे लागू करावी. खेळाविषयी लिहिताना संचिकेची आवृत्ती, प्लेअर की अनुकरण, संगणकाची गती, आणि न चाललेले भाग, इतके तरी नोंदवावे. गती वाढली की खेळ कठीण होतो, कमी झाली की सोपा. ती न सांगता त्याच्या कठीणपणाविषयी केलेले विधान निराधार ठरते.

हे खेळ क्षुल्लक आहेत, असा आक्षेप येईल. ओव्या, उखाणे, मुलांची गाणी यांच्याविषयीही एके काळी असेच म्हटले जाई, आणि संकलन होईपर्यंत त्यांतील पुष्कळसे लोपले होते. येथे निर्माते अजून हयात आहेत, जुन्या संगणकांत संचिका पडून आहेत. भाषाविभागांनी त्या मिळवून, साधनाच्या नोंदीसह जपण्याचे काम आताच हाती घ्यावे. कारण चालविणारे साधन एकदा विस्मरणात गेले, तर उरलेली संहिता कोणत्या खेळाची, हेही पुढील अभ्यासकास सांगता येणार नाही.