बांबूच्या नळीतले पाळणाघर



आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच कुटुंबांनी गच्चीत, गॅलरीत किंवा सोसायटीच्या मागच्या पट्टीत भाजीपाला लावला आहे. मिस्सा झाल्यावर अंगणात उभे राहिले की एक तक्रार हमखास कानावर येते : "फादर, भोपळ्याला फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही. वांग्याचेही तसेच. कोणते औषध मारू?" खत कमी पडणे, पाणी जास्त होणे, कडक ऊन, अशी फूल गळण्याची कारणे अनेक असतात. पण आपल्या परिसरात एक कारण असे आहे की ज्याकडे कोणी पाहत नाही, आणि औषध मारल्याने ते अधिकच बळावते. फुलाकडे यायला कोणी उरलेले नाही.

भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. नर फुलातील पराग कोणीतरी उचलून मादी फुलापर्यंत न्यावा लागतो, तोही सकाळीच, कारण दुपारपर्यंत फूल मिटते. वांगी, टोमॅटो यांची गोष्ट निराळी. त्यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण परागकोश मिठाच्या डबीसारखा असतो. टोकाला बारीक छिद्र, आणि हलवल्याशिवाय आतले बाहेर येत नाही. वारा थोडेफार हलवतो. खरे काम करतात ते भुंगे आणि काही रानमाश्या. त्या फुलाला घट्ट धरतात, पंख स्थिर ठेवून छातीचे स्नायू थरथरवतात आणि पराग अंगावर झाडून घेतात. आपण ऐकतो तो मोठा गुंजारव तोच. पोळ्यातल्या मधमाशीला ही कला येत नाही.

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे, मध आणि डंख एवढेच आठवते. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी या जाती ओळखीच्या आहेत. त्यांच्याकडे शासनाचेही लक्ष आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. हे सर्व चांगलेच आहे. पण जगात माश्यांच्या या मोठ्या कुळातील २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती पोळे करीतच नाहीत. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत. एक मादी, तिचे एक बीळ किंवा एक नळी, एवढाच संसार. पास्काच्या जागरण विधीत मेणबत्तीचे जे स्तुतिगीत गायले जाते, त्यात मधमाश्यांच्या कष्टाचा उल्लेख आहे. या एकट्या माश्या मेण करीत नाहीत, म्हणून त्यांचे नाव तिथेही आले नसावे!

तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अॅरिस्टॉटल भेटला तो तर्कशास्त्रातून. पुढे कळले की या गृहस्थाने माश्याही बारकाईने पाहिल्या होत्या. एका फेरीत माशी एकाच जातीच्या फुलांवर जात राहते, मधेच दुसऱ्या जातीकडे वळत नाही, हे त्याने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले. झाडाला त्याचाच तर उपयोग. भोपळ्याचा पराग तिने झेंडूवर नेला तर भोपळ्याला काय मिळणार? पोळ्याच्या राणीला मात्र तो राजा समजला होता.

आता आपल्या भुंग्याकडे येऊ. मराठीत काही किड्यांनाही आपण भुंगा म्हणतो, पण येथे अभिप्रेत आहे तो काळाभोर, अंगठ्याएवढा, निळसर पंखांचा, शेवग्याच्या फुलांवर घोंघावणारा. तो खरे तर माशीच्याच कुळातला. लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या पाकळीत अडकून पडतो, हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकलेला असतो. ज्यांनी तो प्रथम सांगितला त्यांनी हा भुंगा नीट पाहिलेला होता. पोखरण्याचे काम मात्र मादीच करते. नर आपल्या तोंडासमोर येऊन घोंघावतो, लोक घाबरतात, पण त्याला नांगीच नसते. मादीला असते, तरी हातात दाबल्याशिवाय ती सहसा डंख करीत नाही. पोळे राखायचे नसल्याने आग्या माश्यांसारखा थवा अंगावर येण्याची भीती नाही.

या भुंग्याचा मोठा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. भीमाशंकरच्या अभयारण्यात हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे काम केले. तिथे वारस नावाचा वृक्ष आहे, त्याची फुले रात्री उमलतात. ती फळाला येतात ती भुंग्यांमुळे, हे त्यांनी २००१ मध्ये दाखवले. पुढे २००८ मध्ये आणखी नवलाची गोष्ट प्रसिद्ध झाली : भुंग्याची एक जात अमावास्येच्या अंधारातही उडते आणि आपल्याला जिथे सारे काळे दिसते तिथे तिला रंग ओळखता येतात. भीमाशंकर आपल्यापासून फार दूर नाही. सह्याद्रीच्या याच रांगेत आहे.

तर मग नावड्यात हे जीव का दिसत नाहीसे झाले? फुले कमी झाली हे खरेच. भाताच्या बांधावर तूर आणि वाल असायचा, ती शेते वसाहतीखाली गेली. तळोज्याच्या कारखान्यांचा धूर आणि कासाडी नदीची अवस्था तुम्हांला आम्ही सांगायला नको. पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही : त्यांची घरे आपल्या घरांत होती. कारवीच्या काठ्यांची कुडाची भिंत, तिच्यावरचा मातीचा लेप, पडवीचे बांबूचे वासे, कुंपणाच्या वाळक्या काठ्या, सरपणाचा ढीग. प्रत्येक पोकळ काठीत कोणाचा तरी संसार होता. सिमेंटच्या भिंतीला भोक नसते, अॅल्युमिनियमच्या खिडकीला पोकळी नसते. आम्ही कोणाला कुडाच्या घरात परत जा असे म्हणत नाही. परंतु त्या भिंतीतील एक हात जागा आपण परत करू शकतो.

परदेशात याला 'कीटकांचे हॉटेल' म्हणतात. नाव आम्हांला पटत नाही. हॉटेलात पाहुणा येतो आणि जातो. येथे आई येते, बाळांची सोय करते आणि निघून जाते. पाळणाघर म्हणणे अधिक बरे. पान कापणारी माशी गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाचा गोल तुकडा कापते, जणू पंचिंग मशीनने कापावा तसा. तो नळीत नेऊन त्याची कुपी करते. पराग आणि मधुरस मळून त्याचा लाडू आत ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि कुपी बंद करते. मग पुढची कुपी. नळी भरली की तोंड बंद. सर्वांत आतल्या खोल्यांत माद्या, तोंडाकडच्या खोल्यांत नर, कारण नर आधी बाहेर पडतात. आईला हे कोण शिकवते, हा प्रश्न आम्ही धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांवर सोपवतो. तुमच्या गुलाबाच्या पानांना अशी गोल भोके दिसली तर कृपा करून औषध मारू नका. झाड त्याने मरत नाही, आणि तुरीला शेंगा धरायला हिच्यासारख्या माश्यांची मदत होते.

नळ्या माश्यांना देऊन त्यांचे जीवन पाहण्याची युक्ती जुनी आहे. फ्रान्समधील झाँ-आंरी फाब्र (१८२३-१९१५) या शाळामास्तराने बोरूच्या नळ्या घरात ठेवून एकट्या माश्यांचा संसार पाहिला आणि लिहून ठेवला. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. आपल्याजवळही नाही.

बांबू वाळलेला घ्यावा, ओला कापून लगेच वापरला तर बुरशी धरतो. पेराच्या मागे कापावा, म्हणजे एक टोक पेराने आपोआप बंद राहते. माशीला आरपार नळी चालत नाही. लांबी साधारण १५ सेंमी. पान कापणाऱ्या माशीला ६ ते १० मिमी आतला व्यास पुरतो, भुंग्याला १२ ते १५ मिमी लागतो, म्हणून बारीक-जाड दोन्ही नळ्या मिसळाव्यात. तोंडाकडची कूस पॉलिश पेपरने घासून काढावी, नाही तर नाजूक पंख फाटतात. वीस-पंचवीस नळ्या काथ्याने घट्ट बांधून रिकाम्या डब्यात किंवा पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात आडव्या बसवाव्यात. बांबू न मिळाल्यास जुन्या आंब्याच्या किंवा बाभळीच्या ओंडक्याला ड्रिलने भोके पाडली तरी चालते. भोक आरपार जाऊ देऊ नका आणि लाकडाच्या बाजूने पाडा, कापलेल्या टोकाकडून पाडल्यास लाकूड तडकते. रंग, वॉर्निश, वाळवीचे औषध यांपैकी काहीही लावू नये.

जागा निवडताना तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवा. सकाळचे ऊन लागते तेव्हाच माशी कामाला निघते. उंची कमरेपासून डोक्यापर्यंत, आणि डबा वाऱ्याने हलता कामा नये, भिंतीला पक्का हवा. मुंग्या हा मोठा शत्रू आहे. ज्या खिळ्याला किंवा तारेला डबा लावला आहे त्याला ग्रीस चोपडावे. पाली आणि पक्षी नळ्या उचकतात, त्यासाठी समोर बोटभर अंतर सोडून कोंबडीची जाळी लावावी.

आणि पाऊस. परदेशी चित्रे पाहून तयार केलेली पाळणाघरे आपल्या कोकणच्या जूनमध्ये पंधरा दिवस टिकत नाहीत. वर पत्र्याचे छप्पर किमान वीतभर पुढे आलेले हवे आणि नळ्यांची तोंडे किंचित खाली झुकलेली. बांबू उभा ठेवला तर त्यात पाणी साचते आणि तिथे डेंग्यूच्या डासांची पैदास होते. हा मुद्दा आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. माश्यांसाठी घर बांधून डासांना देणे, आणि मग डासांसाठी सोसायटीत धुराचे मशीन फिरवून माश्या मारणे, असे व्हायला नको. पाळणाघर लावण्याचा चांगला काळ पावसानंतरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर. मग शेवगा, तूर, पुढे करंज आणि बहावा असा फुलोरा ओळीने मिळतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. ऑनलाइन मिळणारी मोठी, सुबक, चार मजली घरे विकत घेऊ नका. त्यांत पाइनची फळे, गवत, काचेच्या नळ्या असे काहीबाही भरलेले असते. माश्यांना त्याचा उपयोग नाही, आणि खूप संसार एका जागी आले की रोग आणि परोपजीवी सहज पसरतात. कॅनडातील टोरांटो शहरात तीन वर्षे सुमारे ६०० पाळणाघरे तपासली गेली. २०१५ मध्ये जे निष्कर्ष आले ते उत्साहावर पाणी टाकणारे होते. कित्येक ठिकाणी माश्यांपेक्षा गांधीलमाश्यांनीच घरे व्यापली होती आणि स्थानिक माश्यांना परोपजीवींचा त्रास बाहेरून आलेल्या माश्यांपेक्षा अधिक होता. म्हणून आमचा आग्रह असा : एका ठिकाणी मोठे एक करण्यापेक्षा चार घरी छोटे चार करा. बाळे बाहेर पडून रिकाम्या झालेल्या नळ्या वर्षाकाठी बदला. बुरशी दिसलेली नळी काढून टाका. हे होणार नसेल तर लावूच नका. निगा न राखलेले पाळणाघर नसलेले बरे.

नळीत कुंभारीण आली तर हाकलू नये. ती एकटीच राहते, आणि काही जाती पिलांसाठी पानांवरच्या अळ्या पकडून आणतात. तुमच्या भाजीची राखण फुकटात होते.

अर्थात, सर्वांनाच नळी लागत नाही. निळ्या पट्ट्यांची एक सुंदर माशी वांग्या-टोमॅटोच्या फुलांवर येते, ती जमिनीत बीळ करते. तिच्यासाठी काय करायचे? काहीच नाही. कुंपणालगत हातभर माती मोकळी, फरशी न बसवलेली, न खणलेली राहू द्यायची. आपल्या आवारात फरशी घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा आम्ही पूर्वेकडचा कोपरा वगळायला सांगितला तो यासाठी. काहींना ते कंजूषपणाचे वाटले होते.

'याचा आपल्याला फायदा काय?' हा प्रश्न लघु समुदायाच्या बैठकीत आला. वांगी धरतील, भोपळा धरेल, हे उत्तर आहेच. पण उपयोगावर थांबणारे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. उपयोग संपला की उत्तरही संपते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात दोन्ही बाजू मांडल्या आहेत : शेतीला उपयोगी पडणारे कीटक विषारी फवारण्यांनी नाहीसे होतात याची खंत, आणि प्रत्येक जीवाला आपल्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे हा आग्रह. अमावास्येच्या रात्री रंग ओळखणारा भुंगा आपल्या ताटात काही वाढत नाही.

ज्यांच्या खिडकीच्या लाकडी चौकटीत किंवा जुन्या वाशात भुंगा भोक पाडतो, त्यांची अडचण खरी आहे. भोकात रॉकेल ओतण्याआधी एवढे करून पाहा : चौकटीला रंग द्या, कारण रंगवलेले लाकूड भुंगा सहसा टाळतो, आणि थोड्या अंतरावर जाड बांबूच्या चार नळ्या टांगा. फवारणी अटळच असेल तर ती संध्याकाळी, फुले सोडून करा. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी मुळीच नको. सोसायटीच्या कमिटीवर असलेल्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला ही वेळ लेखी द्यावी, तोंडी सांगितलेले तो विसरतो.

युवक गटाने चर्चच्या मागच्या भिंतीला तीन डबे लावले आहेत. त्यांपैकी एकाच्या दोन नळ्या हिरव्या पानांनी बंद झाल्या आहेत. पाहायला जरूर या, पण नळीत काडी घालू नका, मुलांना तसे बजावून ठेवा. नळ्या कापण्याचे काम येत्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या खोलीत होईल. बांबू आणलेला आहे. येताना प्रत्येकाने दुधाच्या पावडरचा रिकामा डबा आणि असल्यास बारीक दातांची करवत आणावी.