बुद्धपौर्णिमा आणि पाणवठा

वैशाखात रानातील ओढे आटतात, मोजकेच पाणवठे उरतात. म्हणूनच महाराष्ट्राच्या वनांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री, चांदण्याच्या उजेडात, मचाणावरून प्राण्यांची नोंद घेण्याची परंपरा रुजली. वनविभाग आता या उपक्रमास ‘निसर्गानुभव’ म्हणतो. एकच सांबर रात्रीत दोनदा आले, तर नोंदवहीत दोन होतात. अशी गफलत टाळण्यासाठी वाघांची गणना स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून, अंगावरील पट्टे ओळखून होते. मग मचाणावर बसावे कशासाठी? आम्ही म्हणतो, निश्चल बसणे शिकण्यासाठी. विजेरी, अत्तर, कुजबुज सारे वर्ज्य. माणसाची चाहूल लागताच तहानलेले भेकरही पाण्याकडे पाठ फिरवते. त्याची तहान निर्विघ्न भागू देणे, हा पहिला पाठ आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, संख्या त्यानंतर.